मोफत वकील, दिव्यांग प्रमाणपत्र आणि आईने लिहून दिलेले घर

आपल्या धार-देवासच्या घरांचे चित्र गेल्या काही वर्षांत फार पालटले आहे. पवारांच्या काळापासून ज्या वाड्यांत तीन-तीन पिढ्या नांदल्या, तिथे आता बरेचदा दोन वयस्कर माणसे आणि कुलूप लावलेली माडी एवढेच उरते. मुले इंदूरला, पुण्याला, बंगळुरूला. आजी-आजोबा शाळेच्या कार्यक्रमाला आले की गुडघेदुखीच्या खालोखाल विषय निघतो तो घराच्या कागदांचा. काही पालक हळूच वेगळाच प्रश्न विचारतात : आमचे मूल दिव्यांग आहे, आमच्या मागे त्याचे कसे? दोन्ही प्रश्नांना कायद्यात उत्तरे आहेत आणि ती मिळवून देण्यासाठी सरकारी खर्चाने वकील मिळतो. विषय जरा रुक्ष आहे, तरी वाचून ठेवावा.

आधी वकिलाचे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या १२ व्या कलमात मोफत मदत कोणाला मिळेल ते दिले आहे. त्यात स्त्रिया, मुले, दिव्यांग व्यक्ती आणि अनुसूचित जाती-जमातींचे लोक आहेत, आणि या सर्वांना उत्पन्नाची अट नाही. म्हणजे पेन्शन घेणाऱ्या आजीबाईंनाही हा हक्क आहे. आजोबांचे तसे नाही. केवळ वय झाले म्हणून हे कलम लागू होत नाही, त्यांना राज्याने ठरवलेली उत्पन्नाची मर्यादा पाहावी लागते. आम्हाला हे थोडे विचित्र वाटते, पण कायदा असा आहे. या प्राधिकरणाचे कार्यालय धार व देवास दोन्ही ठिकाणी जिल्हा न्यायालयाच्या आवारात आहे. पाटीवर हिंदीत ‘जिला विधिक सेवा प्राधिकरण’ असे लिहिलेले असते. प्रकरण उच्च न्यायालयात गेले तर आपल्या दोन्ही जिल्ह्यांसाठी इंदूर खंडपीठ आहे आणि तिथेही अशी समिती आहे. फोनवर सल्ला हवा असेल तर १५१०० हा क्रमांक आहे. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही स्वतंत्र हेल्पलाइन आहे.

आता घराच्या कागदांकडे वळू. आपल्याच राज्यातल्या छतरपूरचे एक प्रकरण सर्वांना ठाऊक असावे असे आम्हाला वाटते. एका आईने १९६८ साली घेतलेली मालमत्ता सप्टेंबर २०१९ मध्ये मुलाच्या नावे दानपत्राने करून दिली. (मराठीत आपण ज्याला बक्षीसपत्र म्हणतो, त्याला इकडच्या कचेरीत दानपत्र म्हणतात.) मुलगा आईची सर्व व्यवस्था पाहतो असे दानपत्रात लिहिले होते. शिवाय त्याच सुमारास एक वचनपत्र झाले : आईला शेवटपर्यंत सांभाळीन, न सांभाळल्यास तिने दानपत्र परत घ्यावे. पुढे बिनसले. डिसेंबर २०२० मध्ये आईने अनुविभागीय अधिकाऱ्यांकडे अर्ज केला. मुलाचे म्हणणे असे की वचनपत्र बनावट आहे. अनुविभागीय अधिकारी, नंतर कलेक्टर, नंतर उच्च न्यायालयाचे एक न्यायमूर्ती, तिघांनीही आईच्या बाजूने कौल दिला. पण २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने तो उलटवला, कारण सांभाळण्याची अट खुद्द दानपत्रात स्पष्ट लिहिलेली नव्हती. अखेर २ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. सी. टी. रविकुमार व न्या. संजय करोल यांनी दोन्ही कागद एकत्र वाचले, हा कायदा वृद्धांच्या भल्यासाठी आहे, त्याचा अर्थ उदारपणे लावला पाहिजे असे म्हटले, दानपत्र रद्द केले आणि २८ फेब्रुवारी २०२५ पर्यंत ताबा आईकडे देण्यास सांगितले.

आई जिंकली खरी, पण दानपत्रावर सही केल्यापासून सव्वापाच वर्षे गेली. अट दानपत्रातच एका वाक्यात असती, तर यातला बराचसा वाद उद्भवलाच नसता. ज्या कायद्याखाली हे घडले तो २००७ चा माता-पिता व ज्येष्ठ नागरिक भरणपोषण कायदा. त्याचे २३ वे कलम म्हणते की सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ झाला नाही, तर ती देणगी रद्द करून घेता येते. अट नसेल तर मात्र हे कलम उपयोगी पडणे कठीण. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या एका निकालात तसे सांगितले आहे. म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. हयातीत घर लिहून देण्याची घाई करू नये. मृत्युपत्र (इकडे वसीयत) करावे, ते केव्हाही बदलता येते. द्यायचेच असेल तर अट त्याच कागदात घालून घ्यावी. मुलावर अविश्वास दाखवल्यासारखे वाटेल म्हणून आपल्याकडे हे टाळले जाते. पण चांगल्या मुलाला त्या वाक्याने काहीच फरक पडत नाही.

याच कायद्याने ज्या आईवडिलांचा स्वतःच्या मिळकतीत निभाव लागत नाही त्यांना मुलांकडून, सज्ञान नातवंडांकडूनही, निर्वाहखर्च मागता येतो. कायद्यात त्याची कमाल रक्कम महिना १०,००० रुपये आहे. मूलबाळ नसेल तर ज्याला मालमत्ता मिळणार त्या नातेवाइकाकडून मागता येतो. अर्ज अनुविभागीय अधिकाऱ्यांच्या अधिकरणाकडे करायचा. स्वतः जाता येत नसेल तर दुसरी व्यक्ती किंवा संस्थाही करू शकते. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल अपेक्षित आहे. या अधिकरणापुढे वकील नको असे कायद्यातच लिहिले आहे, जरी काही उच्च न्यायालयांनी ते मान्य केलेले नाही. तरी अर्ज नीट लिहून घ्यायला प्राधिकरणाचा वकील उपयोगी पडतो.

दिव्यांग मुलांच्या पालकांसाठी पहिली पायरी म्हणजे यूडीआयडी कार्ड. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले. त्यात स्वमग्नता, थॅलेसीमिया, अध्ययन अक्षमता हेही आले. ‘आमच्या मुलाचे त्यात बसत नाही’ असे १९९५ च्या कायद्याच्या वेळी ऐकलेले उत्तर आता गृहीत धरू नये. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर होतो, तपासणी जिल्हा रुग्णालयात, आणि कार्ड देशभर चालते. बहुतेक सवलतींना ४० टक्के ही रेषा आहे. टक्केवारी पटली नाही तर अपील करता येते, हे फार थोड्यांना माहीत असते. मध्य प्रदेशात पेन्शनसाठी समग्र आयडीवरचे नाव, आधार आणि कार्डावरचे नाव जुळणे जरुरीचे आहे. ‘कुळकर्णी’चे ‘कुलकर्णी’ झाले की काम अडते, हा आपल्या लोकांचा नेहमीचा ताप!

‘आमच्या मागे काय’ या प्रश्नाला दोन गोष्टी. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व किंवा बहुविकलांगता असलेल्या मुलाला १८ वर्षे पूर्ण झाल्यावर आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली कलेक्टरांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो. दुसरे, आई किंवा वडील केंद्र सरकारच्या नोकरीत असतील तर कमावण्यास असमर्थ अशा दिव्यांग अपत्याला पुढे कौटुंबिक निवृत्तिवेतन मिळू शकते. त्यासाठी त्याचे नाव व प्रमाणपत्र आपण हयात असतानाच कार्यालयात नोंदवावे. नंतर भावंडांना फार धावपळ पडते. राज्य सेवेतील पालकांनी आपल्या खात्यात नियम विचारून घ्यावा.

वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना एक काम सांगतो. हे सारे अर्ज हिंदीत असतात आणि आजी-आजोबांना बारीक अक्षर दिसत नाही. त्यांना अर्ज मोठ्याने वाचून दाखवा, भरण-पोषण, नामांतरण, अनुविभागीय या शब्दांचे अर्थ सांगा. सही मात्र त्यांनी स्वतः, समजून करावी. प्राधिकरणात जाताना आधार, समग्र आयडी, पेन्शनचे पासबुक, मालमत्तेच्या कागदांच्या प्रती आणि असल्यास दिव्यांग प्रमाणपत्र न्यावे. मूळ कागद कोणालाही देऊ नयेत. अर्ज कोठेच पुढे सरकत नसेल तर मंगळवारी कलेक्टर कचेरीत जनसुनवाई असते, तिथे पोचपावती घेऊन तक्रार देता येते.