घरचं लिनक्स – भाग ९ : क्लोन झाला, पण मशीन उठेना

मागच्या भागात जुन्या हार्डडिस्कवरची सिस्टिम नव्या एसएसडीवर उतरवली. आता ती चालू होत नाही, त्याबद्दल. समजा, दौंड तालुक्यातल्या राहूत एखाद्या वजनकाट्यावर डेबियन चालवणारा संगणक आहे. दारात उसाच्या ट्रॉल्या खोळंबल्यात आणि काळ्या पडद्यावर चार पांढऱ्या ओळी आहेत. लगेच पुन्हा क्लोन करायला घेऊ नका. त्या ओळी वाचा, घोडं कुठे अडलं ते त्यातच कळतं.

त्याआधी मशीन बंद करून जुन्या डिस्कची केबल काढा. लिनक्स विभाजनाला यूयूआयडी या लांबलचक क्रमांकावरून ओळखतं. डीडीने किंवा क्लोनझिलाने डिस्क जशीच्या तशी उतरवली की हा क्रमांकही उतरतो, म्हणजे एकाच गट नंबराच्या दोन जमिनी. मग सिस्टिम त्यातली कोणतीही उचलते. आपण एसएसडीवर आहोत या समजात आठवडाभर पावत्या जुन्याच डिस्कवर लिहिल्या जातील. एक्सएफएस ही फाइलसिस्टिम अशी दुसरी प्रत माउंट करायला नकार देते. बीटीआरएफएस मात्र गोंधळून डेटाही बिघडवू शकते.

आरसिंकने फक्त फायली हलवल्या असतील तर उलटं घडतं. नव्या विभाजनाला नवा यूयूआयडी मिळालेला असतो आणि ईटीसीमधली एफएसटॅब फाइल जुनाच शोधत बसते. दीड मिनिट थांबून सिस्टिम 'इमर्जन्सी मोड'मध्ये उतरली, तर बहुधा हेच कारण. ब्लकआयडी ही आज्ञा खरे क्रमांक दाखवते. ते एफएसटॅबमध्ये घाला. स्वॅपची ओळ हमखास विसरली जाते. एफएसटॅबमध्ये 'एसडीए१' असं नावच लिहिलं असेल, तर एनव्हीएमई डिस्कवर ते नाव सापडणारच नाही.

त्याच्याही आधी 'ग्रब रेस्क्यू' दिसलं, तर कर्नलपर्यंत गाडी पोचलेलीच नाही. बूट डिस्कच नाही असा निरोप आला, तर दोष बहुधा मदरबोर्डच्या बूट यादीत आहे. यूईएफआय मशीनमध्ये ही यादी मदरबोर्डच्या मेमरीत राहते, डिस्कवर नाही. त्यामुळे ती क्लोनबरोबर येत नाही.

दोन्हींवर उतारा एकच. लाइव्ह पेनड्राइव्हवरून, यूईएफआय पद्धतीनेच, मशीन सुरू करा. नवं रूट विभाजन एमएनटीवर माउंट करा आणि ईएफआय विभाजन त्याच्या बूट/ईएफआय फोल्डरात. डेव्ह, प्रोक, सिस हे तीन फोल्डर बाइंड करा, ईएफआयव्हार्सही विसरू नका. मग क्रूटने आत शिरा. आत ग्रब-इन्स्टॉल, अपडेट-ग्रब आणि अपडेट-इनिट्रॅमएफएस याच क्रमाने चालवा. शेवटची आज्ञा लोक टाळतात. पण जुन्या इनिट्रॅमएफएसमध्ये एनव्हीएमईचा ड्रायव्हर नसेल, तर रूट सापडत नाही आणि तुम्ही बिझीबॉक्सच्या रिकाम्या प्रॉम्प्टसमोर येता. सीडॅकचं बॉस लिनक्स डेबियनवर उभं आहे, त्यामुळे तिथेही हेच चालतं. फेडोरावाल्यांनी शेवटच्या आज्ञेच्या जागी ड्रॅकट वापरावं.

मशीन उठलं की एलएसबीएलके चालवून रूट खरंच एसएसडीवर आहे का पाहा. डिस्क जशीच्या तशी उतरवली असेल, तर एसएसडी मोठी असूनही तिच्यावरचं विभाजन अजून जुन्याच आकाराचं दिसेल. जीपीटी या विभाजन-तक्त्याची राखीव प्रतही जुन्या जागीच अडकलेली असते. ती डिस्कच्या शेवटाला कशी न्यायची आणि विभाजन कसं वाढवायचं, ते पुढच्या भागात.