तालिएरा ताड : आयुष्यात एकदाच फुलणारा वृक्ष

ताडाचे झाड आपल्या शेतकरी बंधूंना अपरिचित नाही. परंतु पंख्यासारख्या पानांचा त्याचा एक बंगाली भाऊबंद असा आहे की, तो मूळ रानात आज कोठेही उभा असल्याचे ज्ञात नाही. तालिएरा हा तो वृक्ष होय.

बंगालचा सखल, उष्ण व दमट प्रदेश हे त्याचे मूलस्थान. वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्ग यांनी केलेले त्याचे वर्णन त्यांच्या मृत्यूनंतर, १८२० साली प्रसिद्ध झाले. मलबार व श्रीलंकेतील श्रीताड याच्याच कुळातील आहे.

आपला ताड दरवर्षी फुलतो. त्यात नर व मादी झाडे निरनिराळी असतात. तालिएराची रीत वेगळी आहे. तो कित्येक वर्षे खोडात पिष्टाचा साठा करतो. पुढे शेंड्यातून एकच भव्य तुरा निघतो. सारा साठा फुलाफळांत खर्ची पडतो व फळे पिकल्यावर झाड वाळून जाते. म्हणून तुरा आलेले झाड तोडणे म्हणजे त्याची पुढील पिढीही तोडणे होय.

दुर्दैवाने तसेच घडले. बीरभूम जिल्ह्यात शांतिनिकेतनजवळ या जातीचे एक झाड रानात उरले होते. १९७९ साली त्यास तुरा येऊ लागताच तो विलक्षण देखावा पाहून गावकऱ्यांनी त्यास भुताचा ताड मानले आणि बी धरण्यापूर्वीच तोडून टाकले. यात गावकऱ्यांचा दुष्ट हेतू नव्हता. झाडाची माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचली नव्हती, एवढेच.

सुदैवाने ढाका विद्यापीठाच्या आवारातील एक तालिएरा २००८ साली फुलला. त्यास फळे धरू दिली गेली व त्याच्या बियांपासून नवी रोपे तयार झाली. काही वनस्पती-उद्यानांतही ही जात जोपासलेली आहे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी यावरून पुढील बोध घ्यावा :

१. गावात अनोळखी वा विचित्र फुलोऱ्याचे झाड आढळल्यास ते तोडू देऊ नये. वनखात्यास किंवा जवळच्या कृषी महाविद्यालयास कळवावे.

२. एकदाच फुलणाऱ्या झाडाची फळे पूर्ण पिकेपर्यंत राखण करावी.

३. अशा ताडांचे बी ताजे असतानाच खोलगट कुंडीत पेरावे. कारण कोंब प्रथम खाली खोल जातो व मगच पान वर येते.

झाड तोडावयास एक प्रहर पुरतो. जात नाहीशी झाल्यास ती पुन्हा निर्माण करणे कोणाच्याही हाती नाही.