उशाशी बटण

“जनरेटर किती तास चालतो?” गाडीला हात लावायच्या आधी मंचरच्या वायरमनने एवढंच विचारलं.

“सहा तास,” मालकीणबाई म्हणाल्या.

त्याने बॅटरीकडे पाहिलं, इन्व्हर्टरच्या खोक्याकडे पाहिलं. “सहाच?”

“दिवेलागणीला सुरू होतो, बाराच्या सुमाराला बंद. डिझेल काय फुकट येतं का?”

नवरात्राची तिसरी माळ होती. नारायणगावात हायवेपासून आत, एका पत्र्याच्या शेडपुढे तमाशाच्या फडाची वाहनं दसऱ्याच्या तयारीत उभी होती. एका ट्रकवर नाव नव्याने रंगवणं चाललं होतं, दुसऱ्यात तंबूचे खांब चढत होते. कडेला उभी होती ती मॅटाडोर. आकुर्डीत बजाज टेम्पोच्या कारखान्यात तयार झालेली. त्या कंपनीचं नाव २००५ मध्ये फोर्स मोटर्स झालं, गाडी त्याच्या बरीच आधीची. वऱ्हाडं नेऊन झाली, कांद्याच्या गोण्या नेऊन झाल्या, मग ती फडात आली आणि फडातल्या बायकांचं घर झाली. आत दोन्ही बाजूंना निजायच्या फळ्या, फळ्यांखाली ट्रंका, मागच्या दाराला आरसा, ड्रायव्हरच्या पाठीशी देवीचा फोटो. खोबरेल, डिझेल आणि पावडर यांचा मिळून एक वास आत कायमचा बसलेला. तो माझ्या ओढणीलाही लागला.

इन्व्हर्टर खरं तर आधीच ठरला होता. पण मध्ये पितृपंधरवडा आला, त्यात नवी वस्तू घ्यायची नाही, म्हणून घट बसल्यावर दुकानातून उचलला. दसऱ्याला नारळ फोडून फड बाहेर पडला की तो बुद्धपौर्णिमेपर्यंत गावोगाव. वायरमनला घाई होती ती त्यामुळे.

मी तिथे गेले ती एका वाक्यापायी. फडातली एक वयस्क नाचणारी बाई, जिला सगळे आक्का म्हणतात, मालकीणबाईंना म्हणाली होती, “लाइटीचं हवं तर माझ्या उचलीत धरा.” उचल म्हणजे हंगामाआधी कलाकार फडमालकाकडून घेतात ती आगाऊ रक्कम. ती फिटेपर्यंत माणूस त्या फडाचा. फिटता फिटता पुढची उचल घ्यायची वेळ येते. लग्नासाठी, आजारपणासाठी, घरावरच्या पत्र्यासाठी उचल घेतात हे मी ऐकलं होतं. रात्रीच्या दिव्यासाठी कुणी आपल्या नावावर आकडा वाढवून मागतं, हे पहिल्यांदाच ऐकत होते.

कारण विचारलं तर आक्का एका शब्दात म्हणाली, “वाघ.” या भागात बिबट्याला वाघच म्हणतात. कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे ही पाच धरणं झाली, कालवे आले, जुन्नर आणि आंबेगावात ऊस उभा राहिला, आणि बिबट्याला बारमाही आडोसा मिळाला. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे. उसात जन्मलेल्या बिबट्यांच्या कितीतरी पिढ्या आता झाल्या. रात्रपाळीची वीज नको, दिवसा द्या, म्हणून इथले शेतकरी ओरडतात ते याच भीतीने: पंप सुरू करायला अंधारात उसात जायचं कोणी? तमाशाचा तंबू बहुतेक गावाबाहेरच्या मोकळ्या रानात लागतो, म्हणजे उसाच्याच शेजाराला. खेळ संपतो, जनरेटर बंद होतो आणि त्यानंतर बायकांना लघवीला बाहेर जावं लागतं. “मोबाइलच्या बॅटरीनं दहा पावलं दिसतं. अकराव्या पावलावर काय हाय, ते कळतच न्हाय,” आक्का म्हणाली.

बाकीचा तपशील वायरमनच्या कामाचा.

मंचरला त्याचं मोटर रिवाइंडिंगचं छोटं दुकान आहे. कमी दाबाने जळालेल्या पाणबुडी मोटारी हे त्याचं रोजचं काम. गाड्यांचं वायरिंग जोडधंदा. त्याने आधी जुनी वायर ओढून काढली. चार रंगांच्या तुकड्यांना गाठी मारून पुढे नेलेली, मध्ये उंदरांनी सोललेली. मग तळाच्या पत्र्याला भोक पाडलं, भोकात रबरी ग्रोमेट बसवला, नाहीतर गाडीच्या हादऱ्याने पत्र्याची धारच वायर कापते. इन्व्हर्टर फळीच्या टोकाला, चार बोटं जागा मागे सोडून, हवा खेळती राहील असा. बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंतची वायर अंगठ्याएवढी जाड होती आणि त्याने ती हट्टाने आखूड ठेवली. बारा व्होल्टवर सहाशे वॅट ओढायचे तर पन्नास अँपिअरच्या वर करंट जातो, वायर बारीक किंवा लांब असली की निम्मी वीज तिला गरम करण्यातच जाते, असं तो म्हणाला. टोकाचे लग त्याने हातोडीने ठोकले नाहीत. क्रिंपिंगच्या पक्कडीने दाबले, ओढून पाहिले, पुन्हा दाबले. बॅटरीला लागूनच फ्यूज.

वाद झाला तो बॅटरीच्या जागेवरून. मालकीणबाईंना ती फळीखाली हवी होती, ट्रंकांच्या रांगेत. वायरमन नाही म्हणाला. १५० अँपिअर-तासाची ट्युब्युलर बॅटरी, अ‍ॅसिडसकट साठ किलोच्या घरात. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. बंद जागेत साठला तर एक ठिणगी पुरे. आत देवीपुढे रोज उदबत्ती. पहाटे चहाचा स्टोव्हसुद्धा कधी कधी आतच पेटतो, हे एका पोरीने सांगून टाकलं आणि बाकीच्यांनी तिच्याकडे डोळे वटारले. शेवटी मागच्या पायरीजवळ, गाडीच्या बाहेरच्या अंगाला, लोखंडी अँगलचा पिंजरा वेल्ड करून घ्यायचं ठरलं. फॅब्रिकेशनवाला येईपर्यंत संध्याकाळ झाली. मला तेव्हा वायरमनबद्दल जो आदर वाटला तो अजून आहे: त्या फळीवर कोण झोपतं, हे त्याने विचारलं होतं.

आता सहा तासांचा हिशेब. तो त्याने इन्व्हर्टरच्या खोक्यावरच पेनाने केला. बॅटरी कागदावर १८०० वॅट-तासांची. पण रोज तळाला नेली तर दोन वर्षंही टिकायची नाही, म्हणून निम्म्यावर थांबायचं. म्हणजे हातात ९००. घरातले तीन पंखे लावले, दिवे लावले, दहा-बारा मोबाइल टांगले की अडीचशे वॅट. इन्व्हर्टर स्वतः खातो ते वेगळं. तीन तासांत खेळ खलास. आणि रिकामी झालेली बॅटरी भरायला हवेत दहा-बारा तास, जनरेटर देणार सहा. सहा तासांत पुन्हा निम्मीच भरणार.

“गाडीच्या इंजिनावर चार्ज कर की,” मालकीणबाई म्हणाल्या.

“त्या आल्टरनेटरचं वय काय, बाई? स्टार्टरची बॅटरी सांभाळतोय तेच उपकार. दोन्ही लावल्या तर एक दिवस घाटात गाडी बंद पडंल.”

हे सहा तास फडाने निवडलेले नाहीत. वग उजाडेपर्यंत रंगायचा, तेव्हा जनरेटरही उजाडेपर्यंत चालायचा आणि कलाकार उन्हं आल्यावर झोपायचे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला मनाई आली. वर्षातले मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत. प्रत्यक्षात कुठल्या गावात किती वाजेपर्यंत चालतं, हे गावची यात्रा कमिटी आणि पोलीस यांच्यात ठरतं. पण खेळ आखडला हे खरं. त्याबरोबर जनरेटर आखडला, आणि बाकीची रात्र अंधारात गेली. नियमाने लोकांना झोप मिळाली याबद्दल माझी तक्रार नाही. तंबूच्या मागच्या बाजूची रात्र लांबली, एवढं कुणी मोजलं नाही.

फडातला उजेड पहिल्यापासून पुढच्या बाजूचाच राहिला आहे. पलिते होते ते बोर्डावर, म्हणजे रंगमंचावर, गॅसबत्त्या आल्या त्या बोर्डावर, आणि जनरेटरवरची झगमग तर सगळीच प्रेक्षकांच्या डोळ्यांसाठी. हे गाव तमाशा कलावंत विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांचं. १९५७ आणि १९९० असा दोनदा त्यांचा राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झाला, त्यांच्या नावाने राज्य सरकार जीवनगौरव देतं. खेळ झाल्यावर बायका कुठे, कशा झोपतात, ही गोष्ट मानपत्रात बसत नाही.

वायरमनने सुचवलं ते मला एकदम पटलं. आतले दिवे, बाहेरचा दिवा आणि पंखेसुद्धा इन्व्हर्टरवर घ्यायचेच नाहीत. ट्रकच्या केबिनमध्ये ड्रायव्हर लावतात तसले बारा व्होल्टचे दोन पंखे, बारा व्होल्टच्या एलईडी पट्ट्या, सगळं थेट बॅटरीवर. सत्तर वॅटच्या आत बसतं. रात्रभर चाललं तरी बॅटरीचा पाव भाग जाईल. “बॅटरीतलं बारा व्होल्ट डीसी काढायचं, त्याचं दोनशे तीस एसी करायचं, आणि मोबाइलच्या चार्जरनं त्याचं परत पाच व्होल्ट डीसी करायचं. ह्यात आपण निस्तं मशीन गरम करतो,” तो म्हणाला.

मालकीणबाईंचा चेहरा पडला. एवढा महागाचा इन्व्हर्टर आणला तो कशाला मग? त्यांना घरासारखी गाडी हवी होती: भिंतीवर बोर्ड, बोर्डावर पिना, पिनेत वाटेल ते. त्यांचंही चुकत नव्हतं. त्यांनीही या फळ्यांवर हंगाम काढलेत; घरासारखं म्हणताना त्यांच्या डोळ्यांपुढे काय असेल ते कळत होतं. शेवटी तडजोड झाली. दिवे आणि पंखे थेट, मोबाइलचा बोर्ड इन्व्हर्टरवर, आणि एक मोठी पिन आरशाजवळ. इस्त्री आणि केस सरळ करायची मशीन फक्त जनरेटर चालू असताना. हे वायरमनने पोरींकडून दोनदा वदवून घेतलं, तरी त्याचा विश्वास बसलेला दिसला नाही. कीबोर्डवाल्याने मध्येच येऊन आपलं वाद्य त्या पिनेला लावून पाहिलं. अ‍ॅम्प्लिफायरमधून भुंगा घुमायला लागला. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा, त्याची वीज खडबडीत. जवळच खोडदला ४५ मीटर व्यासाच्या अँटेनांची दुर्बीण आहे, अशा तीस अँटेना मिळून आकाशातले अतिक्षीण रेडिओतरंग ऐकतात. हा भुंगा त्यांच्या कानावर जाऊ नये, असं मनात आलं.

अर्थिंगचा प्रश्न मात्र फडाने स्वतःच सोडवला. रोज नव्या रानात उभ्या राहणाऱ्या गाडीला अर्थ कुठून आणायचा? वायरमन तांब्याच्या दांड्याचं बोलत होता, तर तंबूवाला गडी हातभर लांब लोखंडी खुंटा घेऊन आला. तंबूला असे खुंटे रोज शेकड्याने ठोकतात, त्यात एक मॅटाडोरचा. वायरमनने त्याला वायर कसली, वीज गळली की ती तोडणारा ईएलसीबी बसवला, आणि खुंट्यावर रोज तांब्याभर पाणी ओतायला सांगितलं.

मग बटणांची जागा. बाहेरच्या दिव्याचं बटण दाराजवळ असावं, असं वायरमनने गृहीत धरलं होतं. सगळीकडे तिथेच असतं. आक्का म्हणाली, थांब. ती फळीवर चढली, पदर सारखा करून आडवी झाली, उशी नव्हती म्हणून दंड डोक्याखाली घेतला. डोळे मिटले. मग डावा हात हळूहळू मागे नेत पत्र्यावर टेकवला आणि म्हणाली, “इथं.”

वायरमनने खडूने फुली मारली. तिने डोळे उघडून फुलीकडे पाहिलं, पुन्हा मिटले, पुन्हा हात नेला. बोट फुलीच्या दोन इंच खाली पडलं. “खाली घे.” त्याने खाली घेतली. सगळ्या पोरी गप्प उभ्या होत्या. फळीवर निजून, अंधारात, आधी उजेड करून मगच पाय खाली टाकायचा: किती रात्री तिने हे मनात करून पाहिलं असेल, याचा अंदाज मला त्या दोन इंचांवरून आला. नंतर इतरांनीही तसंच केलं, हसत, एकमेकींना ढकलत. पण बाहेरच्या दिव्याचं बटण आक्काच्याच उशाशी राहिलं.

दिवा लागला. पिवळा नाही, पांढरा, पंधरा-वीस पावलांपर्यंत जमीन दाखवणारा. ढोलकीवाला शेडमधून ओरडला, “आणि आमच्या ट्रकाला?” पुरुष कलाकार सामानाच्या ट्रकमध्ये, नाहीतर ट्रकखाली झोपतात. मालकीणबाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

बिल अर्धं रोख, अर्धं पाडव्यानंतर. चैत्रात गावोगावच्या यात्रांच्या सुपाऱ्या घ्यायला नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात, तेव्हा फडाच्या हाती पैसा असतो. वायरमनने कबूल केलं, पण जाताना छपरावर चढून टेप लावला. गाड्या दिवसभर रानात उन्हात नुसत्या उभ्या असतात. दीडशे वॅटचं एक पॅनल टाकलं तर उन्हाळ्यात दिवसाला पाचशे-सहाशे वॅट-तास सहज. मग तुमचे सहा तास गेले उडत, असं तो वरूनच म्हणाला.

“आन् पेट्या कुठं ठेवू?” मालकीणबाईंनी खालून विचारलं. छपरावरच्या कॅरियरवर वगाच्या कपड्यांच्या पेट्या जातात. मुकुट, शेले, दरबाराचा पडदा.

“राजाची पेटी ट्रकात टाका,” आक्का म्हणाली.

“ट्रकात जागा हाय का?”

यावर बराच वेळ बोलणं झालं. पेट्या मोजल्या गेल्या, एक उघडून त्यातलं निम्मं सामान जुनं आहे असंही ठरलं. दसऱ्याला नारळ फुटला तेव्हा मात्र छपरावर पेट्याच होत्या, आणि वायरमन पॅनलचं माप लिहिलेलं खोक्याचं झाकण मालकीणबाईंच्या हातात देऊन मंचरला परत गेला होता.