न दिसणारी कावीळ आणि गर्भवतीचे रक्त

घरात सुनेला दिवस गेले की दवाखान्यात नाव नोंदवावे, हे आता खेड्यापाड्यांतही बहुतेकांना पटले आहे. पण नर्सबाईंनी रक्त काढायला सुई घेतली की वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते. “पोरगी ठणठणीत आहे, दोन वेळा जेवते, कामधाम करते, मग रक्त कशाला?” हा प्रश्न खुळा आहे असे मी म्हणणार नाही. आजार ओळखायचा तो लक्षणांवरून, असेच आपण पिढ्यान्‌पिढ्या करीत आलो. परंतु काही विषाणू शरीरात वर्षानुवर्षे मुक्काम ठोकतात आणि बाहेर एकही खूण दाखवीत नाहीत. एच.आय.व्ही. हा त्यांतलाच. दुसरा हिपॅटायटिस बी, म्हणजे ‘ब’ प्रकारच्या काविळीचा. आज त्या दुसऱ्याविषयीच बोलू.

कावीळ, आणि तीही न दिसणारी, हे कसे? हा विषाणू यकृताच्या पेशींत शिरतो व तिथे वाढतो. पण पेशींची नासधूस तो स्वतः फारशी करीत नाही. शरीराचे रक्षक बाधलेल्या पेशी हुडकून मारू लागले, म्हणजे यकृत सुजते आणि डोळे पिवळे होतात. आपण जिला कावीळ म्हणतो ती या लढाईची खूण, बरं का. लढाईच झाली नाही तर खूण कुठून दिसणार?

नवजात बाळाच्या शरीरात नेमके हेच होते. रक्षक अजून कच्चे असतात, ते विषाणूला घरचाच समजून सोडून देतात. जन्माच्या वेळी लागण झालेल्या १०० बाळांपैकी सुमारे ९० जणांच्या अंगात तो ठाण मांडून बसतो. धडधाकट प्रौढांत हेच प्रमाण १०० मागे ५ हून कमी. ते बाळ हसतेखेळते, शाळेत जाते. पुढे त्यांतल्या काहींचे यकृत तिशी-चाळिशीनंतर आक्रसते, काहींना यकृताचा कर्करोग होतो. आणि ती मुलगी असेल तर स्वतः आई होताना, काहीच ठाऊक नसताना, तीही हा वारसा पुढे देऊ शकते.

तेव्हा विचारायचे ते रक्तालाच. हा विषाणू वाढताना आपल्या बाहेरच्या वेष्टनाचे तुकडे गरजेपेक्षा कितीतरी जास्त बनवतो आणि ते रक्तात सोडून देतो. चोर दिसत नाही, पण त्याच्या घोंगडीचे धागे वाटभर सांडलेले असतात म्हणा ना! हा तुकडा प्रथम सापडला तो बारूक ब्लुमबर्ग या अमेरिकन शास्त्रज्ञाला, १९६३ साली, ऑस्ट्रेलियातील एका आदिवासी माणसाच्या रक्तात. गंमत अशी की ते काविळीचा शोध घेतच नव्हते. माणसामाणसांच्या रक्तातील फरक पाहत होते. १९७६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज तोच तुकडा ओळखणारी पट्टी तळहातावर मावते. रक्ताचा थेंब टाकला की थोड्या वेळात रेघ उमटते किंवा उमटत नाही.

समजा, उमटली. मग घाबरून जायचे का? मुळीच नाही. पुढच्या तपासणीत विषाणू किती आहे ते मोजतात. फार असेल तर डॉक्टर शेवटच्या महिन्यांत आईला गोळ्या देतात. बहुधा लागण होते ती प्रसूतीच्या वेळी, आईच्या रक्ताचा व स्रावांचा संपर्क होऊन. म्हणूनच जन्मानंतरचे पहिले तास मोलाचे. बाळाला २४ तासांच्या आत लस टोचायची, आणि अशा आईच्या बाळाला तिच्या जोडीला तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही, होईल तितके लवकर, द्यायचे. पुढचे डोस ६, १० व १४ आठवड्यांना. वेळेवर एवढे झाले तर बहुतेक बाळे वाचतात. आईने अंगावर पाजायलाही हरकत नाही. म्हणून प्रसूती कुठे करायची हे आधीच ठरवावे आणि तिथे इंजेक्शन मिळेल ना, हे विचारून ठेवावे.

एक गोष्ट मात्र मला बोलावीशी वाटते. रेघ उमटली की कुठे कुठे सुनेचे ताटवाटी वेगळे होते. हा शुद्ध अडाणीपणा आहे. एका पंगतीत जेवल्याने, कडेवर मूल घेतल्याने ही लागण होत नाही. ती होते रक्तातून, दूषित सुईतून, शरीरसंबंधातून आणि जन्मताना आईकडून. त्या सुनेला तिच्या जन्माच्या वेळीच झालेली असू शकते. तिथे तिचा काय अपराध? पतीने व घरच्यांनीही रक्त तपासावे, निर्दोष असतील त्यांनी लस टोचून घ्यावी. शिक्षक बंधुभगिनींनी पालकसभेत हे सांगितले तर लोक ऐकतील.

सरकारी दवाखान्यांत २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला गर्भवतींची मोफत तपासणी होते. जाताना माता व बाल संरक्षण कार्ड न्यावे आणि काविळीची तपासणी झाली का, निकाल लिहिला का, हे तिथेच विचारावे. बाळंतीण घरी निघाली की पुन्हा तेच कार्ड उघडून पाहावे: लसीच्या पानावर जन्मतः द्यायच्या हिपॅटायटिस बी लशीपुढे तारीख पडलेली आहे ना?