धानाच्या राखणीला 'बावीस बोअर' चालेल काय?



धान निसवले की जंगलकाठच्या बांध्यांत रानडुकरांचे कळप उतरतात. अर्जुनी मोरगाव, सडक अर्जुनी, देवरी, सालेकसा भागात हे कुणाला सांगायला नको. मागील हंगामात धुऱ्यावर पंचनाम्याला गेलो असता एका भाऊंनी विचारले, "साहेब, बावीस बोअर घेऊ का? सशालेही चालते अन् डुकरालेही." हा प्रश्न अनेकांच्या मनात आहे, म्हणून उत्तर सर्वांसाठी लिहितो.

पहिली गोष्ट शिकारीची. ससा असो, तितर असो की डुक्कर, वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार शिकार बंद आहे. आपल्या शेतात आला म्हणून ससा आपला होत नाही. तुरुंगवास होऊ शकतो.

दुसरी गोष्ट परवान्याची. शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम १३ मध्ये पीक संरक्षणासाठी ठासणीची, म्हणजे आपली भरमार बंदूक सांगितली आहे. ती पुरेशी नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री झाली तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक मिळू शकते. बावीस बोअर रायफलीचा त्याच कलमात उल्लेख आहे, पण तो मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याला निशाणेबाजीच्या सरावासाठी. राखणीसाठी नव्हे.

कायदा बाजूला ठेवला तरी हे हत्यार या कामाचे नाही. या काडतुसात पेटवणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो. त्यासाठी कवच पातळ ठेवावे लागते, म्हणून दाबही कमी. गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची. डुकराचे कातडे जाड, खांद्याकडे तर फारच. जनावर मरत नाही, जखमी होऊन झुडपात बसते आणि सकाळी पाणी पाहायला गेलेल्या माणसाच्या अंगावर येते. उलट हीच हलकी गोळी दीड किलोमीटरपलीकडे जाऊ शकते. बांधीतल्या पाण्यावर किंवा दगडावर आपटून ती भलतीकडेच उडते. रात्री पलीकडच्या धुऱ्यावर आपलाच शेजारी जागलीला बसलेला असतो, हे विसरू नका.

मग करायचे काय? डुकरांचा त्रास हाताबाहेर गेला तर कायद्याच्या कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. त्यासाठी वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज करा. हातात कागद नसताना बार काढू नका.

नुकसान झाले तर तीन दिवसांच्या आत वन विभागाकडे अर्ज द्या. पंचनामा होईपर्यंत तुडवलेली बांधी तशीच ठेवा. सातबारा जवळ असू द्या. ग्रामसेवक व पोलीस पाटलांनीही अर्ज लिहायला मदत करावी, कारण उशिरामुळेच पुष्कळांची भरपाई जाते.

धान दुधात आल्यापासून कापणीपर्यंत चार-पाच शेजाऱ्यांनी पाळीपाळीने जागल करावी. धुऱ्यालगतची झुडपे काढावीत. जमेल त्यांनी सौर कुंपण लावावे. त्याचा झटका क्षणाचा असतो, जनावर पळते, मरत नाही. पण खांबावरून आकडा टाकून तारेत वीज सोडू नका. त्या तारेला डुक्कर, वाघ आणि आपले लेकरू यांतला फरक कळत नाही.

पीक गेले तर पुढच्या हंगामात पुन्हा येते. माणूस गेला तर येत नाही.