पान्याला पेट्रोल कशाला?

तेलकट पाने-पकडी साफ करायच्या म्हटल्या की वाटीभर पेट्रोल काढायचे, अशी सवय अनेक घरांत आहे. ग्रीस झटकन सुटते हे खरे. पण धोकाही तितक्याच झटकन तयार होतो. उणे 40 अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट्रोल पेट घेण्याजोगी वाफ सोडते. ही वाफ हवेपेक्षा जड, त्यामुळे जमिनीलगत पसरत दूरच्या ठिणगीपर्यंत पोहोचते. रॉकेलची वाफ साधारण 38 अंशांपुढे पेटण्याजोगी होते, म्हणून ते तुलनेने बरे. मात्र विदर्भातल्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा ही सवलतही उरत नाही.

मुळात घरच्या कामाला इतक्या जहाल द्रवाची गरजच नसते. तेल तेलात विरघळते. म्हणून चिकट थरावर थोडे पातळ मशीन ऑइल चोळावे, लाकडाच्या भुशाने पुसावे आणि मग भांड्यांचा साबण व कोमट पाणी वापरावे. साबणाच्या रेणूचे एक टोक तेलाला धरते, दुसरे पाण्याला. मळ वाहून जातो. पाण्याने लोखंड गंजेल, असा आक्षेप येईल. पण गंज धरतो तो रेंगाळलेल्या ओलीमुळे. लगेच कोरडे पुसून तेलाचा हलका हात फिरवला की प्रश्न मिटतो, आणि पेट्रोलने धुतलेल्या उघड्या लोखंडालाही तो हात लागतोच. रॅचेट मात्र बुडवू नये. आतले ग्रीस निघून जाते. वाळून घट्ट बसलेल्या थराला रॉकेल लागलेच, तर थोडेसे, ब्रशने, उघड्यावर आणि आगीपासून लांब वापरावे; उरलेले मोरीत ओतू नये.