क्षणभर थांबणारे यंत्र

मे महिन्यात चंद्रपुरात दुपारी कुणी कुणाच्या घरी जात नाही. पारा ४५ अंशांच्या पुढे गेलेला असतो, रस्ते ओस पडतात आणि घराघरातून फक्त कूलरचा घरघराट ऐकू येतो. निवृत्त माणसाला लिहायला यासारखी वेळ नाही. गेल्या वर्षीच्या मे महिन्यात अशाच एका दुपारी मी कादंबरीचे नववे प्रकरण लिहीत बसलो होतो आणि माझा संगणक थांबला.

बंद पडला नाही, थांबला. माऊसचा बाण पडद्यावर फिरत होता, पण जिथे नेऊन दाबावा तिथे काही होईना. बोटे चालू होती, अक्षरे उमटत नव्हती. मी मनात आकडे मोजू लागलो. आठपर्यंत पोहोचलो आणि अडकलेली सगळी अक्षरे एकदम पडद्यावर आली, जणू मध्ये काही घडलेच नव्हते. त्या दिवशी असे दोनदा झाले, दुसऱ्या दिवशी एकदाही नाही, तिसऱ्या दिवशी चार वेळा.

मोडलेले यंत्र माणसाला फारसा त्रास देत नाही. ते उचलावे आणि दुरुस्तीला न्यावे. छळते ते अधूनमधून बिघडणारे यंत्र. रात्रभर खोकणारे मूल डॉक्टरसमोर नेले की हसत बसते, तसा माझा संगणक. दुरुस्तीवाला मुलगा आला, तासभर बसला, चहा प्याला, आणि त्या तासात यंत्र एकदाही अडखळले नाही. शेवटी तो म्हणाला, "काका, कायले डोकं लावता? फॉरमॅट मारून देतो जी, एकदम नव्यासारखा चालते."

फॉरमॅट मारणे म्हणजे पाटी पुसणे. हिला फोन लावून विचारले, तर ती बहिणीकडून म्हणाली, "आधी आक्कांचं बघा." मुलगी पुण्याहून म्हणाली, "बाबा, दहा वर्षांचा झालाय तो. नवीन घ्या." तिघांपैकी एकटीच्या लक्षात खरी गोष्ट आली होती.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आरमोरीकडे तिचे सासर. तिला जात्यावरच्या ओव्या पाठ होत्या, आणि पाठ तरी कसे म्हणावे, जात्याचा खुंटा हाती आला की त्या तिला येत. नुसते सांग म्हटले तर आठवत नसत. २०१४ च्या दिवाळीत मी एक छोटा रेकॉर्डर घेऊन तिच्याकडे चार दिवस राहिलो. माळ्यावरचे जाते खाली काढले. तिने दळले आणि मी टिपले. चाळीस ध्वनिमुद्रणे झाली. तीन वर्षांनी आक्का गेली. रेकॉर्डर पुढे बंद पडला. तिचा आवाज उरला तो फक्त या संगणकात. कादंबरीत एक दळणारी बाई आहे, म्हणून त्या दिवसांत मी लिहिता लिहिता तो आवाज लावून ऐकत असे.

दुरुस्तीवाल्याला मी म्हटले, "बाबू, पंधरा दिवस थांब." तो गेला आणि मी कपाटातून एक कोरी वही काढली.

ही वहीची सवय बँकेची. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला, त्यानंतर काही वर्षांत माझी बदली तिकडच्या एका शाखेत झाली. त्या काळी खातेवह्या हाताने लिहिल्या जात. १९८३ मध्ये बँकांची संघटना आणि कर्मचारी संघटना यांच्यात यंत्रांविषयी करार झाला होता, १९८४ मध्ये रंगराजन समितीचा अहवालही आला होता, पण जंगलातल्या शाखेपर्यंत ते वारे पोहोचायला बराच काळ जावा लागला. पुढे संगणक आला तेव्हा त्याच्यासाठी वातानुकूलित खोली झाली आणि आम्ही देवळात शिरावे तशा चपला बाहेर काढून आत जाऊ लागलो. त्याआधी मात्र महिन्याअखेर ताळा जुळवायचा तो कंदिलाच्या उजेडात.

ताळा जुळला नाही की नवखा माणूस काय करतो? दिसेल ते पान उघडून खोडाखोड सुरू करतो आणि एका चुकीच्या चार चुका करून ठेवतो. आमचे तेव्हाचे अकाउंटंट साहेब म्हणत, आधी हात आवरा, फरकाकडे बघा. फरकाला ९ ने भाग जात असेल तर कुणीतरी आकड्यांची अदलाबदल केलेली असण्याचा संभव मोठा. ६८३ च्या जागी ६३८ लिहिले तर फरक ४५ येतो, म्हणजे नऊ पाचे. फरक सम असेल तर त्याच्या निम्म्याची रक्कम शोधा, ती जमेऐवजी नावे पडलेली असू शकते. चूक कुठे आहे हे चूकच सांगते. आपण फक्त तिचे म्हणणे नीट लिहून घ्यायचे.

तेच मी आता केले. वहीत रकाने आखले: तारीख, वेळ, किती सेकंद, त्या क्षणी मी काय करत होतो, खोलीत गरम किती, वीज कशी, डब्यावरचा छोटा दिवा लागलेला की विझलेला. शेजारचे गृहस्थ हसले. पण एक गोष्ट त्यांना सांगितली तेव्हा तेही गप्प झाले. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क टू या अजस्र संगणकात बिघाड झाला. शोध घेता एका रिलेत अडकलेला पतंग सापडला. तिथल्या लोकांनी तो चिकटपट्टीने नोंदवहीत चिकटवला आणि शेजारी वेळ लिहिली. ती वही आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. एवढ्या मोठ्या यंत्राची माणसेसुद्धा वहीच ठेवत होती.

माझा पहिला संशय उन्हावर होता. संगणकाचा मेंदू म्हणजे प्रोसेसर फार तापला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो, हे खरे आहे. डबा उघडला तर पंख्यावर गोधडी शिवता येईल एवढी धूळ. ती ब्लोअरने उडवली. तीन दिवस नोंदी केल्या. फरक शून्य. शिवाय वहीत दोन नोंदी पहाटे साडेपाचच्या होत्या, तेव्हा कसले ऊन?

दुसरा संशय विजेवर. चंद्रपूरचे औष्णिक केंद्र २९२० मेगावॅटचे, तरी दिव्याखाली अंधार म्हणायची आमची जुनी खोड. संगणक दुसऱ्या यूपीएसवर लावला. पुन्हा तीन दिवस. फरक शून्य. बिचाऱ्या विजेवर उगाच आळ घेतला होता. मग रॅमच्या पट्ट्या काढल्या, त्यांचे पितळी दात शाळकरी रबराने पुसले, एकेक पट्टी लावून पाहिली. तेही निर्दोष. दर वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम मात्र मी मोडला नाही. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि गुण आला, तर कोणत्या औषधाने आला हे कळत नाही.

सतराव्या दिवशी वहीत ३१ नोंदी झाल्या. रविवारी सकाळी चष्मा लावून रकाने वाचत बसलो आणि अंगावर काटा आला. ३१ पैकी २६ वेळा डब्यावरचा छोटा दिवा सलग लागलेला होता. तो दिवा हार्ड डिस्कचा. आणि १९ वेळा मी आक्काच्या ओव्यांचा फोल्डर उघडलेला होता.

हार्ड डिस्क म्हणजे मिनिटाला हजारो वेळा फिरणारी चकती. माझी ७२०० वेळा फिरते. चकतीवर बारीक बारीक कप्पे असतात आणि त्यांत आपला मजकूर. एखादा कप्पा झिजला की डिस्क लगेच हार मानत नाही. ती पुन्हा वाचते, पुन्हा वाचते. खातेवहीत पुसट झालेला आकडा लागत नाही म्हणून एखादा प्रामाणिक कारकून भिंगातून बघत राहावा आणि खिडकीबाहेरची रांग खोळंबून राहावी, तसे होते. बहुतेक वेळा शेवटी आकडा लागतो आणि रांग सरकते. आपल्याला वाटते, काही नाही, जरा अडकला होता. खरे तर त्या आठ सेकंदांत आत जीव तोडून काम चाललेले असते.

याहून आश्चर्याची गोष्ट दुरुस्तीवाल्या मुलाने दाखवली. वही वाचून तो गंभीर झाला होता. त्याने क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा एक फुकट मिळणारा प्रोग्राम लावला. डिस्क स्वतःच स्वतःची नोंदवही ठेवते, तिला 'स्मार्ट' म्हणतात. किती कप्पे बदलून घेतले, किती वाचता येत नाहीत म्हणून प्रलंबित आहेत, सगळे तिथे लिहिलेले असते. पडद्यावर पिवळा रंग आला. प्रलंबित कप्पे ८८. माझ्या वहीच्या कितीतरी आधीपासून ती हिशेब लिहीत होती. तो कुणी वाचला नव्हता, एवढेच.

"काका," तो हळूच म्हणाला, "त्या दिवशी फॉरमॅट मारला असता तर..." त्याने वाक्य पुरे केले नाही. पोर मनाने चांगले.

मग दुरुस्ती नाही, तपासणी नाही. आजारी डिस्कवर तपासणीचे प्रोग्राम चालवले तर तिच्यावर आणखी ताण पडतो. आधी नक्कल, आणि तीही सर्वांत लाडक्या वस्तूची पहिली. नव्या डिस्कवर ओव्या उतरवायला घेतल्या. एकेक करत ३८ आल्या. उरलेल्या दोन आल्या नाहीत. रात्रभर यंत्राला विश्रांती देऊन सकाळी पुन्हा प्रयत्न केला, तरी नाही. त्यातली एक मला चालीसकट आठवते. दुसरी कोणती होती हे मला आता सांगता येत नाही.

वाचकहो, तुमच्या घरचा संगणक असा क्षणभर थांबत असेल तर कारण माझेच असेल असे नाही. एकच प्रोग्राम अडतो की सगळेच, ते पाहा. डिस्कचा दिवा सलग जळतो का, ते पाहा. दिवा विझलेला असून माऊसचा बाणही खिळत असेल तर उष्णता, रॅम, वीजपुरवठा आणि ड्रायव्हर यांच्याकडे आधी वळा. हा नियम नव्हे, पण दिशा कळते. कधी डिस्क चांगली असते आणि तिची केबल सैल असते. कधी यंत्र अगदी नवे असते. मार्च २०२२ मध्ये एएमडी कंपनीने स्वतः मान्य केले, की तिच्या काही रायझन प्रोसेसरांच्या संगणकांत सुरक्षेसाठी ठेवलेल्या एका भागामुळे यंत्र मध्येच थबकते. मदरबोर्डच्या बायोसची सुधारित आवृत्ती हा त्यावर उपाय होता. पण कारण कोणतेही निघो, पहिले काम नक्कल काढण्याचे आणि दुसरे वही उघडण्याचे. स्क्रू ड्रायव्हर त्यानंतर.

बँकेत स्ट्राँगरूमच्या चाव्यांचा दुसरा जुडगा त्याच शाखेत कधी ठेवत नाहीत. लिफाफ्यात सीलबंद करून तो दुसऱ्या शाखेत पाठवतात, पावती घेतात. पस्तीस वर्षे मी ते लिफाफे सांभाळले, आणि बहिणीचा आवाज मात्र एकाच डब्यात ठेवून निर्धास्त राहिलो. आता ३८ ओव्यांची एक प्रत माझ्याकडे आहे, एक पुण्याला मुलीकडे आणि एक आरमोरीला भाच्याकडे. भाच्याकडून मी रीतसर पावती लिहून घेतली. तो हसला, पण सही करताना त्याने विचारले, "मामा, आईचं जातं अजून आहे जी घरी. सूनबाईले दाखवून ठेवू का?"

पुढच्या दिवाळीला जाणार आहे. रेकॉर्डर नवा घेतला आहे.